तुझे उघडे टॅब

पल्लवी,

उद्या सकाळी तुझ्या ऑफिसचा माणूस येईल आणि तुझा लॅपटॉप घेऊन जाईल. नेल्यावर ते तो पुसतात. फडक्याने नव्हे, आतून. मग तो दुसऱ्या कुणाला तरी मिळेल आणि हडपसरच्या त्या काचेच्या इमारतीत बसून कुणीतरी त्यावर आपलं काम सुरू करेल. ह्यात कुणाची चूक नाही, वस्तू त्यांची आहे. ज्या मुलीने फोन केला तिचा आवाज एवढासा झाला होता. "सर, सॉरी, घाई काहीच नाहीये, बट ॲक्च्युअली ॲसेट रिटर्नची प्रोसेस असते ना, सो मंडेपर्यंत झालं तर..." मीच म्हणालो, पाठवा सोमवारी. मी कारखान्याच्या स्टोअर्समधला माणूस. दिलेली वस्तू परत मागावी लागते, हे मला कुणी समजावून सांगायला नको.

लॅपटॉपचं मला काहीच नाही. माझा जीव अडकलाय तो तुझ्या टॅबमध्ये. ते सगळे तू सोडून गेलीस तसे उघडे आहेत.

अंगात ताप घेऊन निघताना तू दारातून वळून म्हणालीस, "काही बंद नको करू हं माझं, मी वाचून राहिली ते." मी म्हणालो, "तू आधी नीट बरी होऊन ये, मग बघू कोण काय वाचतंय." शेवटचं असं आपलं बोलणं तेवढंच. त्यानंतर दवाखान्यात जे झालं ते बोलणं नव्हतं. नुसता ताप होता गं. लोक तापाला काढा पितात आणि दुसऱ्या दिवशी कामाला जातात. मला अजून कळत नाही की हे कसं झालं, आणि ज्यांना कळतं ते मला समजावून सांगायला लागले की मी उठून पाणी प्यायला जातो.

पेठेत वाढलेला मी, आणि तू अमरावतीची. लग्न ठरलं तेव्हा आमच्याकडच्यांना काळजी तुझ्या झणझणीत तर्रीची होती. मला मात्र खरा धक्का बसला तो तुझा लॅपटॉप पहिल्यांदा बघितला तेव्हा. वरच्या पट्टीवर इतकी पानं उघडलेली की एकाचंही नाव वाचता येईना. नुसती बारकी चित्रं, खेटून खेटून उभी. मी विचारलं, "हे सगळं तुला एकाच वेळी लागतं?" तू म्हणालीस, "लागंल ना कधीतरी." मी म्हणालो, "कधीतरी लागणारी वस्तू फळीवर ठेवतात, टेबलावर नाही." त्यावर तू माझ्याकडे नीट बघून विचारलंस, "निखिल, तू माणूस आहे का गोदाम?"

हे भांडण आपण सगळा संसार पुरवून पुरवून भांडलो. तुझं म्हणणं, ठेवून दिलेली गोष्ट माणूस विसरतो. समोर उघडी असली की तिची आपल्यावर नजर राहते. माझं म्हणणं, सगळंच उघडं असलं की कशावरच नजर राहत नाही. तू म्हणायचीस, तुम्हा पुणेकरांना दुपारी दार लावून घ्यायची सवय, म्हणून टॅबही लावून घ्यावेसे वाटतात. ह्यावर आता उत्तर सुचलं तरी ते ऐकून हसणारं कोण आहे?

मांडणी हा आपला तह होता. हे ॲप तूच शोधून आणलंस. आपण जतन केलेलं पान तिथे नुसतं नावाने दिसत नाही, चित्रासकट एक चौकोन होतो, आणि ते चौकोन रांगांत लावता येतात, रंग देता येतात, दुसऱ्याला दाखवता येतात. मी पहिल्यांदा बघितलं आणि म्हणालो, हे तर स्वयंपाकघरातल्या मांडणीसारखं आहे, ताटं उभी केलेली. तेव्हापासून त्याचं नावच मांडणी पडलं. तू खण पाडलेस. "खायचं", "जायचं", "शिकायचं", "घरात करायचं", आणि एक मोठा, निळा, "आईसाठी". तुझ्या आईंना, तिकडे अमरावतीला, आपण त्यात घेतलं ते त्यांनी नवा फोन घेतल्यावर. त्यांनी स्वतः कधी एकही चौकोन ठेवला नाही. त्या फक्त बघायच्या. इंग्रजी पान असलं तर चित्र बघायच्या आणि मग तुला फोन करून विचारायच्या, "हे काय पाठवलं वं पोरी?"

आणि मग रविवार. तुझे तर्री-पोहे व्हायचे, माझ्यासाठी बाजूला खोबरं-कोथिंबीर घातलेले पिवळे, आणि पातेली उचलायच्या आत तू लॅपटॉप उघडून बसायचीस. आठवड्याच्या टॅबची सुनावणी. एकेक टॅब पुढे यायचा, तू त्याची वकिली करायचीस आणि मी विचारायचो, "हे कशाला?" ठेवायचा असेल तर मांडणीवर कुठल्या खणात, नाहीतर बंद; आणि तू अडून बसलीस तर पुढच्या रविवारची तारीख. नियम एकच होता, आणि तो तुझा होता. दुसऱ्याचा टॅब त्याला विचारल्याशिवाय बंद करायचा नाही. एकदा मी तुझा एक टॅब चुकून बंद केला, पोहायला शिकण्याबद्दलचा, तर तू दिवसभर माझ्याशी बोलली नाहीस. संध्याकाळी तोच परत उघडून म्हणालीस, "शिकणार आहे मी. चाळिशीनंतरही येते पोहायला, लिहिलं आहे त्यात." तो टॅब अजून आहे. त्याच्या शेजारी वारजे भागातल्या पोहण्याच्या तलावाच्या वेळा आहेत.

असे सगळे आहेत. गॅलरीतल्या कढीपत्त्याची पानं का गळतात. इलॅस्टिकवाल्या चादरीची घडी कशी घालावी. ही चादर तू शेवटपर्यंत बोळा करून कपाटात कोंबलीस आणि मी दर वेळी ती बाहेर काढून परत बोळाच करून ठेवली, कारण मलाही येत नव्हती. गुडघे धरलेल्या माणसाने खुर्चीत बसून करायचे व्यायाम, हा आईंसाठी. संत्र्याच्या सालीची चटणी. हॉलच्या भिंतीसाठी एक रंग, जो मला हिरवा वाटतो आणि तुला निळा वाटायचा. पल्लवी, ह्यात मला न ठाऊक असलेलं काही नाही. तुझं काही लपलेलं असेल अशी मला आशासुद्धा नाही. सगळं माझ्या ओळखीचं आहे आणि तरी मला त्याच्यासमोर बसवत नाही.

तू गेल्यावर पहिल्या दिवसांत घरात माणसं होती. माझ्या आत्याने लॅपटॉप उघडा बघितला आणि मिक्सर झाकतात तसा तो मिटवून त्यावर नॅपकिन घातला. "सारखा उघडा कशाला तो, धूळ बसते." मी आतून धावत आलो. नॅपकिन काढला, झाकण उघडलं, पडदा काळाच. मग तो उजळला आणि सगळी बारकी चित्रं वर तशीच उभी दिसली, तेव्हा मी तिथेच खाली बसलो आणि रडलो. आत्या बिचारी घाबरली. तिला वाटलं तिने काहीतरी मोडलं. ती जाईपर्यंत त्या टेबलाच्या बाजूने फिरकली नाही.

कुणीही सांगेल, एवढं काय, सगळे पत्ते एका ठिकाणी उतरवून घे आणि दे लॅपटॉप परत. मीही दुसऱ्याला हेच सांगितलं असतं. एका संध्याकाळी बसलोही तसा. पण उतरवायचं तर ते मांडणीवरच, असं मला वाटलं. तिथे तुझी चित्रं असतील, तुझे रंग असतील आणि प्रत्येक चौकोनाखाली बारीक अक्षरात तुझं नाव येईल. आणि मग मी अडलो, कारण कुठल्या खणात ठेवू? आपले सगळे खण पुढच्यासाठी आहेत. पोहायला शिकायचं, भिगवणला पक्षी बघायला जायचं, भिंत रंगवायची. झालेल्या गोष्टींसाठी आपण खणच पाडला नाही कधी. झालं की चौकोन काढून टाकायचो आणि टाळी द्यायचो. न झालेल्या आणि आता कधीच न होणाऱ्या गोष्टी कुठे ठेवतात? मी इतकी वर्षं फळ्या लावतो आहे, मोडकं, जुनं, नाकारलेलं, परत पाठवायचं, सगळ्याला माझ्याकडे जागा असते. ह्याला नव्हती.

शेवटी मी म्हटलं, निवडानिवड राहू दे, निदान वाचवू. तू टॅबना रंग देऊन गट केले होतेस, त्यातला पिवळा घेतला, स्वयंपाकाचा, आणि "सगळे मांडणीवर ठेवा" हे बटण दाबलं. चौकोन भराभर उमटले. त्यातला चटणीचा फोटो बघून मला क्षणभर बरंसुद्धा वाटलं.

थोड्याच वेळात आईंचा फोन.

"जवाईबापू, पल्लवीच्या फोनवर कोणी बसलं आहे काय?"

मी म्हणालो, "नाही, आई. का?"

"माह्या फोनवर तिचं नाव आलं. तिचा फोटो आला, पिवळ्या ओढणीतला. पल्लवीनं नवीन ठेवलं, पल्लवीनं नवीन ठेवलं, असं एकामागून एक येऊन राहिलं."

पल्लवी, मला हे सुचलंच नव्हतं. तुझ्या लॅपटॉपवरून ठेवलं म्हणजे तूच ठेवलंस असं ते सगळ्यांना कळवणार, ही साधी गोष्ट. माझ्या फोनवर त्या घंट्या मी पहिल्याच महिन्यात बंद केल्या होत्या, कारण तू दिवसभर वाजत राहायचीस. आईंनी त्या कधीच बंद केल्या नव्हत्या. रविवारी सकाळी चहा घेऊन त्या फोनपाशी बसायच्या, हे मला त्या दिवशी कळलं. पुण्यात आपली सुनावणी चाले आणि तिकडे अमरावतीला एकेक चौकोन वाजत पोचे. मला वाटत होतं तो खेळ आपल्या दोघांचा आहे.

"आई, मी होतो," मी म्हणालो. "तिच्या लॅपटॉपवरून मी ठेवलं. माझ्या लक्षात आलं नाही."

मग म्हणाल्या, "हाव. तुम्हीच असान. मले समजत होतं." आणि मग, अगदी हळू, रागाने नाही, "पण इतक्या लवकर सांगाले नको होतं तुम्ही. थोडा वेळ चाललं असतं."

ह्या वाक्यानंतर मी लॅपटॉपला हात लावला नाही. कामावर जात होतो, परत येत होतो. स्वारगेटला बस बदलताना हडपसरची गाडी लागलेली दिसली की पाय आपोआप तिकडे वळायचे, तुला आणायला जायचो ते दिवस पायांना अजून पाठ आहेत. घरी आल्यावर मी त्या उजळलेल्या पडद्याकडे पाठ करून जेवत होतो. लोक म्हणतात काळ जातो तसं हलकं होतं. मला तसं काही दिसत नाही. मला दिसतं ते एवढंच की तू जे जे करणार होतीस त्याची माहिती माझ्याकडे आहे आणि तू नाहीस. देवावर माझा तसाही फार विश्वास नव्हता, पण कुणावर तरी ओरडावं म्हणून तरी तो असायला हवा होता.

मग काल आईंचाच फोन आला. जेवलात का, डबा कोण देते, हे सगळं विचारून झालं, तरी त्या ठेवेनात. शेवटी म्हणाल्या, "तिचं अजून राहिलं आहे काय त्याच्यात?"

"आहे, आई. बरंच आहे. सोमवारी नेतात तो."

"मग पाठवा."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. मी म्हणालो, "मी माझ्या नावाने पाठवतो. म्हणजे तुम्हाला त्रास नाही होणार."

"नाही. तिच्याच नावानं पाठवा. मले माहीत आहे ना तुम्ही आहे म्हणून. पण फोनले कुठं माहीत आहे?"

म्हणून आज, रविवारी, दुपारच्या जेवणानंतर, सकाळपासून लिहीत होतो ते हे पत्र बाजूला ठेवून, मी बसलो. आईंचा फोन लावून शेजारी ठेवला. तिकडे त्यांनीही, मांडणी आणि मी दोन्ही एकाच फोनवर कसे येतील ह्याची खटपट करून, शेजारच्या घरातला दुसरा फोन मागून आणला होता. आणि मी पहिला टॅब ठेवला. तिकडे टिंग वाजलेलं मला इकडे ऐकू आलं.

"आलं," आई म्हणाल्या. "हे पाण्यातलं काय आहे?"

"पोहण्याचं. तिला शिकायचं होतं."

"तिले? पाण्याले भीत होती ती लहानपणी. राहू द्या, ठेवा."

असं सुरू झालं. मी ठेवायचो, तिकडे वाजायचं, त्या "आलं" म्हणायच्या आणि मग विचारायच्या, हे कशाले? माझा प्रश्न, पल्लवी. आणि उत्तर द्यायला मी होतो, तुझ्या जागी. तुझी वकिली मी केली. वाईट केली, पण केली. गुडघ्याचे व्यायाम आले तेव्हा त्या म्हणाल्या, "हे माह्यासाठी. मी करीन." कढीपत्ता आला तेव्हा म्हणाल्या, "ताक घाला म्हणावं त्याले," आणि मग 'म्हणावं' कुणाला, हे लक्षात येऊन म्हणाल्या, पुढचं ठेवा. चादरीवर त्या हसल्या. खरंच हसल्या. "हे बंद करा. तिले जमणार नव्हतं ते. माह्या पोरीनं साडीची घडीही कधी नीट घातली नाही." तुझा पहिला टॅब तिथे न ठेवता बंद झाला. तुला विचारता आलं नाही, म्हणून तुझ्या आईला विचारून केला. ह्याहून मोठी परवानगी मला सुचली नाही.

मी तुझा आभारी आहे, हे मी कधी तोंडाने म्हणालो नाही. आमच्यात तशी पद्धत नाही, आम्ही आभार फार तर पाटीवर लिहितो. पण माझ्यासारख्या आवरून ठेवणाऱ्या माणसाच्या घरात तू इतक्या गोष्टी उघड्या ठेवल्यास, आणि त्यांतल्या काही आपण खरंच केल्या. दौलताबाद चढलो. घरात दही लागलं. त्या वर्षांचं मला काय करायचं ते कळत नाही, पण ती होती, आणि ती तुझ्यामुळे होती.

ऊन भिंतीवरून खाली उतरलं तरी आमचं चाललं होतं. ठेवलेले टॅब मिटत गेले तशी वरची पट्टी मोकळी होत गेली आणि उरलेल्या टॅबची नावं वाचता येतील इतकी ती रुंद झाली. इतक्या वर्षांत मी तुझ्या टॅबची पूर्ण नावं कधी बघितली नव्हती. आई थकल्या होत्या, आवाज बसला होता, पण मी विचारलं, उरलेले नंतर पाठवू का, तर म्हणाल्या, "नंतर कधी?" मग मी थांबलो नाही.

भिंतीचा रंग ठेवला. तिकडे वाजलं. "आलं. निळा आहे," आई म्हणाल्या. मी म्हणालो, "हो, निळा आहे."

"अजून?"

मी बघितलं. पट्टीच्या अगदी टोकाला एकच उरला होता. इतके दिवस तो गर्दीत दबून दिसलाच नव्हता. मी तो उघडला.

"एक आहे, आई. पण त्यात काही नाही. नुसतं नवीन पान उघडलेलं आहे. काही लिहिलेलं नाही."

"ते पाठवा."

"ते पाठवता येत नाही. त्याला पत्ता नसतो."

त्यांना ते लगेच पटलं नाही. मी पुन्हा सांगितलं की काहीतरी शोधायला तिने ते उघडलं असणार, आणि लिहायच्या आधी ती उठली असणार. ताप चढला असेल. किंवा मीच हाक मारली असेल, चल, रिक्षा आली.

मग आईंनी विचारलं, "काय पाहाले बसली होती ती?"

मी तुझा नवरा, पल्लवी. दर रविवारी तुझा प्रत्येक टॅब मी तपासला. मला सांगता आलं नाही.